फाँटात राहिलेला मजकूर

संगणकावरील साधा मजकूर म्हणजे ज्या फायलीत अक्षरांच्या संकेतांकांशिवाय दुसरे काहीही नसते असा मजकूर. अक्षरांचे वळण, आकार, ठळकपणा, समास यांपैकी कशाचीही नोंद त्यात नसते आणि तो कोणत्या भाषेत, कोणत्या संकेतप्रणालीने व कोणत्या प्रोग्रामसाठी लिहिला हेही ती फाईल स्वतःहून सांगत नाही. हे सगळे ज्ञान फायलीबाहेर, म्हणजे लिहिणाऱ्याच्या सवयीत, यंत्राच्या गृहीतकांत आणि फायलीच्या नावामागील दोन-चार अक्षरांच्या जोडनावात राहते. त्यामुळे साध्या मजकुराची फाईल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते, तिथे वेगळीच दिसते आणि चुकून जतन झाली तर कायमची बिघडते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने ही बहुधा किरकोळ गैरसोय असते. मराठीच्या बाबतीत मात्र तिच्यामागे अनेक दशकांचा इतिहास आहे, कारण मराठी मजकूर दीर्घकाळ फायलीत नव्हताच, तो फाँटात होता. आजही जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांतील सीड्यांवर पडून असलेल्या हजारो फायली न वाचता येण्याचे मूळ कारण हेच आहे.

हा इतिहास रत्नागिरीच्या मांडवीवरून पाहणे सोयीचे ठरते. मांडवी हा शहराचा जुना बंदरभाग. एका अंगाला मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, वर रत्नदुर्ग, उत्तरेला मिऱ्याचा डोंगर. बंदरावरून माल जातो तसा कागदही जातो, आणि जो कागद एका ठिकाणी लिहिला जाऊन दुसऱ्या ठिकाणी वाचला जायचा असतो त्याला दोन्ही टोकांना एकच वाचनसंकेत लागतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत, आणि व्यवहारात विसाव्या शतकातही बराच काळ, कोकणातील हिशेबांचा व पत्रव्यवहाराचा हा संकेत मोडी लिपीचा होता. मोडीत आधी शिरोरेघ ओढून मग हात न उचलता ओळ लिहीत, शब्दांमध्ये जागा सोडीत नसत, विरामचिन्हे देत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळीत नसत. एकच आकृती शब्दाच्या संदर्भानुसार वेगळी वाचावी लागे, आणि चिटणिशी वळणात मुरलेल्या कारकुनालाही दुसऱ्या वळणाचा कागद अडे. म्हणजे कागदावर सगळी अक्षरे शाबूत असतानाही तो वाचण्याची किल्ली कागदाबाहेर असे. मोडी शिकवणे बंद झाल्यावर दोन पिढ्यांच्या आत घराघरांतील खतपत्रे मुकी झाली. शाई पुसली गेली नव्हती, परंपरा तुटली होती. साध्या मजकुराच्या फायलीचे पुढे जे झाले त्याचे स्वरूप याहून फारसे निराळे नाही.

छपाईने बालबोध देवनागरीला स्थिर रूप दिले, पण तिच्यापुढे वेगळा प्रश्न उभा केला. विल्यम कॅरी यांचा १८१० सालचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. पुढे मात्र छापखान्यांनी बालबोधच पत्करली आणि जांभेकरांच्या ‘दर्पण’पासून, म्हणजे ६ जानेवारी १८३२ पासून, मराठी नियतकालिकांची वाट त्याच लिपीतून गेली. रोमन लिपीच्या जुळाऱ्याला थोडक्या खिळ्यांत भागवता येई; देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे लागत. स्वरचिन्ह अक्षराला जडवूनच ओतलेला ‘अखंड’ खिळा आणि वरखाली तुकडे बसवून अक्षर तयार करण्याची ‘डिग्री’ पद्धत, असे दोन मार्ग त्यासाठी रूढ झाले. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांनी जी लिपिशुद्धीची चळवळ चालवली तिच्यामागेही हाच हिशेब होता: इ, ई, उ, ऊ या स्वतंत्र आकृत्यांऐवजी ‘अ’लाच वेलांट्या व उकार लावले, तर खिळे कमी होतील आणि लिपी यंत्रावर चढेल. ही सूचना सार्वत्रिक झाली नाही, परंतु यंत्रासाठी लिपी बदलायची की लिपीसाठी यंत्र, हा जो प्रश्न रत्नागिरीत त्या वेळी विचारला गेला तोच पुढे संगणकापुढे आला. मधल्या काळात गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि मराठी टंकलेखकांनी मोजक्या कळांवर अक्षरांचे तुकडे बसवून काम भागवले. तुकडे जुळवून अक्षर दिसण्यापुरते उभे करायचे, ही सवय हातांना लागली ती इथेच. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज या सवयीत आहे.

संगणकाचा पाया मात्र रोमन लिपीवर घातला गेला. १९६३ मध्ये अमेरिकेत प्रमाण ठरलेल्या ‘आस्की’ या प्रणालीत एकूण १२८ जागा होत्या आणि त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्रासाठीच्या काही आज्ञा एवढेच सामावले होते. एका बाइटमध्ये २५६ मूल्ये मावतात, म्हणजे वरच्या १२८ जागा मोकळ्या राहत. जगातील बहुतेक लिप्यांनी आपापला संसार याच मोकळ्या जागेत थाटला. भारतात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले ‘जिस्ट’ तंत्र या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. डॉसवर चालणाऱ्या संगणकात एक कार्ड बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही मराठी टंकता व पाहता येई. या कामातून ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण तयार झाले आणि भारतीय मानक ब्यूरोने ते १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले.

इस्कीचे खरे मोठेपण तिच्या विचारात होते. तिने अक्षरांच्या आकृत्यांना नव्हे, तर वर्णांना संकेतांक दिले: ‘क’ला एक, पहिल्या वेलांटीला एक, हलन्ताच्या खुणेला एक. जोडाक्षर कसे दिसावे ही जबाबदारी पडद्यावर अक्षर काढणाऱ्या यंत्रणेची. फायलीत फक्त उच्चाराचा क्रम राही. साहजिकच अशा फायलीत शोध घेता येई, अकारविल्हे लावता येई आणि त्याच फायलीतील नाव लिपी बदलून कन्नड वा गुजरातीतही दाखवता येई. संगणकावरील मराठीने हा खऱ्या अर्थाने साधा मजकूर इतक्या लवकर मिळवला होता, ही गोष्ट आता जवळजवळ विसरली गेली आहे आणि ती आवर्जून नोंदवायला हवी.

इस्की टिकली नाही, कारण नव्वदीच्या दशकात विंडोज आले. विंडोजमध्ये कार्ड बसवायची गरज नव्हती. हवा तो फाँट घालता येत होता आणि जो फाँट घालू तो पडद्यावर व कागदावर तंतोतंत दिसत होता. छापखाने, वृत्तपत्रे आणि कचेऱ्या यांना तातडीने हवी होती ती छापील प्रत. ती मिळवण्याचा सोपा मार्ग असा निघाला, की रोमन फाँटमधील अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. संगणकाच्या दृष्टीने टंकणारा रोमन अक्षरे व चिन्हेच टंकत होता. ती देवनागरी दिसत होती ती केवळ निवडलेल्या फाँटमुळे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचे फाँट, हौशी लोकांत पसरलेला शिवाजी फाँट, अशा अनेक मांडण्या एकाच वेळी चालू झाल्या. जुन्या छापखान्यात प्रत्येक जुळाऱ्याने आपल्या खणांच्या पेटीत खिळे मनाला येईल तसे मांडावेत आणि मग छापायचा मजकूर म्हणून केवळ खणांचे क्रमांक दुसऱ्या गावी पाठवावेत, तसा हा प्रकार होता: पेटी तीच असेल तर मजकूर जुळे, नसेल तर क्रमांक हाती राहत.

यातून जे घडले ते आजच्या तक्रारीच्या बरोबर उलट आहे. आज साधी फाईल भलत्या ऑफिस प्रोग्राममध्ये उघडते म्हणून माणूस त्रासतो. त्या काळात मराठी मजकूर ऑफिस प्रोग्रामबाहेर जगूच शकत नव्हता. वर्ड किंवा पेजमेकर यांच्या फायलीत फाँटचे नाव साठवलेले असते, म्हणून तिथे मराठी मराठी दिसे. तोच मजकूर नोटपॅडमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये, चिकटवला की फाँटची नोंद गळून पडे आणि रोमन अक्षरे, कंस व चिन्हे यांची निरर्थक रांग उरे. ज्या यंत्रावर तो फाँट नसे त्यावर वर्डमध्येही तेच दिसे. वृत्तपत्रांची संकेतस्थळे वाचण्यासाठी आधी त्या त्या पत्राचा फाँट उतरवून घ्यावा लागे, आणि निविदेची किंवा परिपत्रकाची फाईल पाठवताना सोबत फाँटची फाईल जोडण्याचा शिरस्ताच पडला होता.

मांडवीच्या परिसरातील दोन नावांवरून या पद्धतीतील दोष नेमका दिसतो. ‘मिरकरवाडा’ उच्चारताना आधी ‘म’ आणि मग इकार येतो, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे असते. फाँटच्या पद्धतीत टंकणारा आधी वेलांटीचा तुकडा ठेवी व नंतर ‘म’, म्हणजे फायलीत क्रम दिसण्याचा साठे, उच्चाराचा नव्हे. ‘मिऱ्या’तील अर्धचंद्राकृती ‘ऱ्’साठी फाँटात वेगळाच तुकडा असे आणि तो प्रत्येक कंपनीच्या मांडणीत निराळ्या खणात. अशा फायलींची अकारविल्हे यादी लावली तर वेलांटीची सगळी नावे एका ठिकाणी गोळा होत, शोध घेतला तर काही सापडत नसे आणि एका फाँटातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्र तक्ता लागे. मतदारयाद्या असोत की ग्रंथालयांच्या सूच्या, या काळात मेहनतीने टंकलेले कितीतरी मराठी साहित्य अशा रीतीने चित्र म्हणून तयार झाले, मजकूर म्हणून नव्हे. इस्कीपासून फाँटकडे झालेला हा प्रवास मराठी संगणनातील माघार होती; सोयीपुढे प्रमाणाने हार खाल्ली आणि तिची किंमत पुढच्या पिढीवर पडली, असेच म्हणावे लागते.

या काळात सर्वसमावेशक प्रमाण तयार होत होतेच. जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णाला एकमेव क्रमांक देणारे युनिकोड १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. भारतात उभे राहिलेले काम असे दुसऱ्या दाराने परत आले. १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी हे क्रमांक बाइटांत साठवण्याची ‘यूटीएफ-८’ ही पद्धत आखली. तिच्यात रोमन अक्षर पूर्वीसारखे एकाच बाइटमध्ये मावते, देवनागरी वर्णाला तीन बाइट लागतात. विंडोजवर देवनागरीला आधार मिळाला तो २००० सालच्या आवृत्तीपासून. पुढच्या एक्सपी आवृत्तीत तो असे, पण मुद्दाम चालू करावा लागे, आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी हवी असे. केंद्र सरकारने ई-शासनासाठी युनिकोड हे प्रमाण नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केले. त्याआधीच, २००८ च्या ५.१ आवृत्तीत, मराठीला हवे असलेले ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे समाविष्ट झाले होते.

तरीही घोटाळा संपला नाही, कारण युनिकोडची फाईलही साधी फाईलच असते आणि आपण युनिकोडची आहोत हे ती आपण होऊन सांगत नाही. ‘मांडवी’ हा शब्द घेतला तर त्यात म, काना, अनुस्वार, ड, व आणि दुसरी वेलांटी असे सहा वर्ण आहेत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. पहिल्या ‘म’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १७४ या मूल्यांचे असतात. हीच फाईल एखाद्या प्रोग्रामने विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याप्रमाणे वाचली, तर तो प्रत्येक बाइटला एकेक अक्षर समजतो: २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे गोल चिन्ह, १७४ म्हणजे वर्तुळातील नोंदणीचिन्ह. सहाही वर्णांचा पहिला बाइट २२४ असल्याने पडद्यावर तिरक्या रेघेचा ‘ए’ सहा वेळा दिसतो. मराठी फाईल उघडताच असा ‘ए’ वारंवार दिसू लागला तर मजकूर नष्ट झालेला नाही, केवळ चुकीच्या तक्त्याने वाचला गेला आहे, असे खात्रीने समजावे. योग्य तक्ता निवडताच तो जसाच्या तसा परत येतो. याउलट देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचा असा तक्ता कधीच नव्हता. म्हणून जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘आन्सी’ या, म्हणजे जुन्या तक्त्याच्या, मूळ पर्यायाने जतन केला आणि समोर आलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर ‘मांडवी’च्या जागी सहा प्रश्नचिन्हे उरत, आणि त्यांतून शब्द परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही. नोटपॅडने यूटीएफ-८ हा मूळ पर्याय केला तो २०१९ मध्ये.

कोणती फाईल कोणत्या प्रोग्राममध्ये उघडायची, हा निर्णय विंडोज फायलीतील मजकूर वाचून नव्हे, तर नावामागील ठिपक्यानंतरच्या जोडनावावरून करते. ही पद्धत डॉसपासून आलेली आहे. तिथे नावाला आठ व जोडनावाला तीन अक्षरांची मर्यादा होती. ‘डॉक’ हे जोडनाव त्या काळात साध्या माहितीपत्रकांनाही सर्रास लावत. पुढे ते वर्डने घेतले आणि जुनी साधी पत्रके दोनदा क्लिक करताच वर्डमध्ये उघडू लागली. विंडोज ९५ ने ओळखीची जोडनावे मुळातच लपवून ठेवली, त्यामुळे फाईल भलतीकडे का उघडते हे पाहण्याचा एकमेव पुरावा वापरणाऱ्याच्या नजरेआड गेला. टपालाच्या जगात १९९२ पासून ‘माइम’ पद्धतीने मजकुराच्या आधी त्याचा प्रकार व अक्षरसंच लिहिण्याची सोय झाली. डिस्कवरील साध्या फायलीला तशी ओळ आजही नाही. लिबरऑफिससारख्या प्रोग्रामला याची जाणीव आहे: स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली ‘सीएसव्ही’ फाईल उघडताना ते आधी अक्षरसंच कोणता, रकाने कशाने तोडायचे आणि कोणता रकाना मजकूर समजायचा हे विचारते. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक केल्यास असा प्रश्न येत नाही आणि हानी तिथेच होते.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या महसुली कागदांत सापडते. जमिनीचा सातबारा हा गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा जोड उतारा. ‘७/१२’ असे लिहिलेली यादी सीएसव्हीमधून एक्सेलमध्ये उघडली की ते त्याला ७ डिसेंबर ही तारीख समजते आणि आत एक दिवसक्रमांक साठवते, जो २०२४ साली ४५६३३ होता. नंतर रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ केला तर सातबारा परत येत नाही, ४५६३३ हा आकडा समोर येतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात सर्व्हे क्रमांकापुढे तिरपी रेघ देऊन हिस्सा क्रमांक लिहितात, तिथे ‘१२/३’ची १२ मार्च होते, तर ‘४५/२’ तारखेत बसत नसल्याने जसाच्या तसा राहतो. अर्ध्या रकान्यात क्रमांक आणि अर्ध्यात तारखा अशी यादी तयार होते आणि पुन्हा जतन होताच मूळ क्रमांक पुसला जातो. रत्नागिरीचा दूरध्वनी संकेत ०२३५२ त्याच वेळी २३५२ होतो. हा दोष केवळ कचेरीपुरता नाही: जनुकांची नावे तारखा होऊ लागल्याने मानवी जनुकांच्या नामकरण समितीला २०२० मध्ये काही नावेच बदलावी लागली, आणि ही आपोआप होणारी उलथापालथ बंद करण्याचा पर्याय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिला.

युनिकोड मिळाल्यावरही मराठीचे स्वतःचे काही गुंते उरले आहेत. ‘मिऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. पहिल्या प्रकाराला १८ बाइट लागतात, दुसऱ्याला २१; कागदावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. मोडीचा युनिकोडमध्ये समावेश २०१४ मध्ये झाला, त्यामुळे जुन्या दप्तरांचे लिप्यंतर करणाऱ्यांना आता मूळ लिपीही साध्या मजकुरात ठेवता येते.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. तेव्हाचे छापील पान आज कोणत्याही यंत्राशिवाय वाचता येते आणि १९९८ मधील सीडी वाचता येत नाही, ही स्थिती बदलण्याची वेळ अजून गेलेली नाही. श्री-लिपी, आकृती किंवा इस्कीतील फायली ज्या संस्थांकडे आहेत त्यांनी तो प्रोग्राम चालणारे शेवटचे यंत्र भंगारात जाण्यापूर्वी त्या यूटीएफ-८ मध्ये बदलून घ्याव्यात, मूळ फाईलही जपावी आणि शेजारी फाँटचे नाव, प्रोग्राम व साल नोंदवणारी एक वेगळी टीप ठेवावी. सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये घेताना दोनदा क्लिक न करता ‘डेटा’ या विभागातून मजकुराची फाईल म्हणून आत घ्यावी, अक्षरसंच यूटीएफ-८ निवडावा आणि क्रमांकांचे रकाने मजकूर म्हणून ठरवावेत. फाईल भलत्याच प्रोग्राममध्ये उघडली असेल, तर काहीही जतन न करता ती बंद करावी.